बंदी आहेच की! पुढे काय?

सकाळी ग्रुपवर कुणीतरी वाकीटाची बातमी टाकली. मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या वरच्या टोकाला राहणारा तो छोटासा जीव, डॉल्फिनचा नातलग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, जगात आता जेमतेम दहाच्या आसपास उरलाय. खाली रडके इमोजी, आणि मग एकाचं उत्तर, "सरकारने सरळ बंदी घालावी, विषय संपला." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

अरे बंदी आहे! तिथे गिलनेटवर, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांवर, २०१७ पासून कायमची बंदी आहे. तोतोआबा नावाच्या ज्या माशासाठी ती जाळी टाकतात त्याची मासेमारी १९७५ पासून बंद आहे. तरी जाळी पडतातच, कारण त्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये वेड्यासारखा भाव मिळतो. वाकीटा कुणालाच नको असतो, तो नुसता मध्ये येतो आणि गुदमरून मरतो.

मी एकदा ओळखीने कोळंबीच्या ट्रॉलरवर गेलो होतो. जाळं डेकवर रिकामं केलं तेव्हा मला वाटलं वा, केवढा माल! पण कोळंबी निवडून झाली तर ती टोपलीभर, आणि बाकीचा ढीग, बोटाएवढी पिल्लं, खेकडे, कायकाय, फावड्याने परत पाण्यात. बहुतेक सगळं मेलेलं. मी तांडेलला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारलं की हे चालतं का, तर तो शांतपणे म्हणाला, "किनाऱ्यावर नेलं तर प्रश्न विचारतात. इथे कोण बघतंय?"

इथे कोण बघतंय. सगळी पॉलिसी इथेच येऊन अडकते. युरोपियन युनियनने मोठा गाजावाजा करून नियम केला की कोटा असलेल्या, म्हणजे किती पकडायचे याची मर्यादा ठरलेल्या, जातींचे मासे समुद्रात फेकायचे नाहीत, सगळं बंदरात आणायचं, २०१९ पासून पूर्ण लागू. पण बोटीवर बघणारंच कुणी नाही तर तो नियम पाळणार कोण? शेवटी २०२३ मध्ये मोठ्या, जोखमीच्या बोटींवर कॅमेरे लावायचं ठरवलं. इतक्या उशिरा! तोवर किती टन मासा मरून तळाला गेला असेल!

आणि उपाय नाहीत असं अजिबात नाही, म्हणून तर जास्त चीड येते. कासवांसाठी जाळ्यात गजांची तिरकी चौकट बसवतात, कोळंबी आत जाते आणि कासव वरच्या झडपेतून बाहेर. लाँगलाइन बोटी आमिष लावलेल्या गळांची लांबच लांब दोरी सोडतात आणि त्या आमिषावर झेपावणारे पक्षी अडकून मरतात. नामिबियाने २०१५ मध्ये या बोटींना पक्षी हाकलणाऱ्या फिती सक्तीच्या केल्या, साध्या लोंबत्या फिती हो, आणि त्या बोटींवर मरणारे समुद्रपक्षी ९८ टक्क्यांनी कमी झाले. कारण नुसता नियम करून ते थांबले नाहीत, बोटीवर निरीक्षकही होते.

हां, छोट्या बोटीवाल्याला कॅमेरा परवडत नाही आणि चोवीस तास कुणीतरी बघतंय हे कुणालाच आवडणार नाही, मान्य. म्हणून खर्च सरकारने करायचा. नुसता दंड लावलात तर माणूस लपवणारच. नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉक फेकून द्यायला बंदी केली, पण चुकून आलेला मासा बंदरात आणला तर त्याच्या किमतीतला थोडा वाटा मच्छिमाराला मिळतो. खर्च निघेल एवढा, मुद्दाम पकडावासा वाटेल एवढा नाही. किती साधी गोष्ट आहे ही!

त्या ट्रॉलरवर एका जाळ्यात कासवही आलं होतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळं तासन्‌तास पाण्याखाली, काय होणार? एक पोरगेला खलाशी कितीतरी वेळ त्याच्या पाठीवर पाणी ओतत बसला होता. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. तांडेलनेही ओरडून उठवलं नाही. त्यामुळे कुणी कोळ्यांना खलनायक बनवायला लागलं की मला राग येतो. त्यांना कासव मारायचं नसतं, जाळं फाटतं, वेळ जातो, नुकसान त्यांचंच असतं. झडप बसवलेलं जाळं द्या, ते वापरायला शिकवा, मग तपासायला या.

आणि खाली "मासे खाणं सोडा" लिहू नका प्लीज, त्यावर मी भांडणार नाही. बोलायचंच असेल तर यावर बोला, कॅमेऱ्याचं फुटेज बघायचं कुणी, मत्स्य खात्याने की त्यांच्याबाहेरच्या कुणीतरी? माझं मत बाहेरच्या कुणीतरी. खात्यातल्यांना बंदरात रोज त्याच लोकांत वावरायचं असतं, त्यांच्यावर दबाव येणारच.