उडुपीची पळी दर दोन वर्षांनी दुसऱ्या हातात का?

१८ जानेवारी २०२६ ला उडुपीच्या कृष्णमठात शिरूर मठाचा पर्याय, म्हणजे पूजेची आणि अन्नदानाची दोन वर्षांची पाळी, सुरू झाला आणि पार्ल्याच्या कट्ट्यावर जुना वाद पुन्हा पेटला. सांताक्रूझला पेजावर मठाची शाखा आहे, इर्ल्याला अदमारू मठाची, त्यामुळे इथे या विषयावर मत नसलेला माणूस सापडणं कठीण.

महेशने तोंड फोडलं. "रोज हजारो पानं उठणारं स्वयंपाकघर दर दोन वर्षांनी नव्या माणसांच्या ताब्यात द्यायचं, हा कसला कारभार? शेगावसारखं एकच संस्थान करा, कायमचे आचारी ठेवा, हिशेब एका जागी ठेवा."

"आधी पद्धत नीट समजून घे," प्रभूकाका म्हणाले. "मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात कृष्णाची मूर्ती स्थापली आणि पूजा आठ संन्यासी शिष्यांवर सोपवली. त्यांचे आठ मठ झाले: पलिमारू, अदमारू, कृष्णापूर, पुत्तिगे, शिरूर, सोदे, काणियूर, पेजावर. पूर्वी पाळी दोन महिन्यांची होती. सोदे मठाचे स्वामी वादिराजतीर्थ यांनी ती दोन वर्षांची केली. दोन महिन्यांची पाळी सोळा महिन्यांनी परत यायची. स्वामींना ना दूरचा प्रवास जमायचा, ना पुढच्या पाळीची तयारी. आता दोन वर्षं सेवा आणि मध्ये चौदा वर्षं मोकळी. त्या चौदा वर्षांत संचार, शिकवणं, शाळा काढणं, सगळं होतं."

"आणि तयारी पाळीच्या दिवशी सुरू होत नाही," अनघा म्हणाली. चार मुहूर्त असतात: बाळे, अक्की, कट्टिगे, भत्त. म्हणजे केळ, तांदूळ, जळाऊ लाकूड आणि भात (साळ). केळी वर्षभर आधी लावतात, कारण घड धरायला दहा-बारा महिने जातात, आणि पान तर पंगतीत रोजच लागतं. तांदूळही कितीतरी आधीपासून साठवतात. नवा तांदूळ चिकट होतो, मोठ्या हंड्यात त्याचा गोळा बनतो. जुना पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. फक्त साठवणीत ओलावा १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी आणि किडे आलेच. लाकडं सरोवराच्या बाजूला रथाच्या आकारात रचतात. नुसता ढीग केला तर आतली लाकडं ओलीच राहतात, आणि ओल्या लाकडाचा धूर सारात उतरला की तो वास कशानेही जात नाही.

तिने आकडेही मांडले. रोजची पाच हजार पानं धरा. माणशी १२० ग्रॅम तांदूळ म्हणजे दिवसाला ६०० किलो, महिन्याला १८ टन. डाळ माणशी २५ ग्रॅम धरली तर रोज सव्वाशे किलो. "हे भक्तांना विनामूल्य, आणि खर्चाची जबाबदारी पर्याय मठाची."

महेश थांबला नाही. "म्हणूनच म्हणतो! लहान मठाने हे कुठून आणायचं?"

प्रश्न खरा आहे. पूर्वी मठांच्या जमिनींचं खंडाचं भात यायचं. कर्नाटकात १९७४ च्या कूळकायदा दुरुस्तीनंतर त्यातला मोठा भाग कुळांकडे गेला. आता आधार मुख्यतः भक्तांच्या देणग्यांचा आणि होरेकाणिकेचा. पर्यायाच्या तोंडावर गावोगावहून मिरवणुकीने तांदूळ, नारळ, गूळ, भाजी येते, तिला होरेकाणिके म्हणतात. दिनेशने इथे नेमकी अडचण सांगितली: सगळं एकाच आठवड्यात येतं. भोपळा आणि कोहळा महिनोन्महिने टिकतात, नारळही राहतो. पण वांगी आणि पालेभाजी चार दिवसांत संपवावीच लागतात. म्हणून कोणत्या गावाने काय द्यायचं हे आधी ठरवून द्यावं. उडुपीजवळच्या मट्टू गावच्या वांग्याची गोष्ट वेगळी. त्याचा मान वादिराजांशी जोडलेला आहे, २०११ मध्ये त्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मग बोलणं चुलीवर आलं, आणि इथे काका कोणाचं ऐकून घेत नाहीत. "नवा आचारी कुठे चुकतो सांगू? डाळ मऊ व्हायच्या आधी चिंच घालतो. आंबटात डाळ शिजत नाही, दोन तास जाळ घाला, दाणा तसाच. दुसरं, भात उपसून एकाच डोंगरात ठेवतो. मधली वाफ अडकते आणि दुपारपर्यंत भात आंबतो. पसरून ठेवायला हवा. आणि चातुर्मास! पहिल्या महिन्यात शाकव्रत, भाजी नाही, चिंच-मिरची नाही. मूग, मिरी, जिरं आणि आंबोशी यांवर चव आणायची. दुसऱ्यात दही नाही, तिसऱ्यात दूध नाही, चौथ्यात द्विदल म्हणजे डाळच नाही. ज्याने हे वर्षभर केलंय, त्याच्याच हाताला ते कळतं."

"म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडताय," महेश म्हणाला.

"अर्धं. आचारी हवेत टिकणारे. पण पूजा आणि जबाबदारी एकाच मठाकडे कायमची नको. रोजच्या चौदा पूजा आहेत, मूर्तीला हात फक्त आठ मठांच्या स्वामींनी लावायचा. पर्याय स्वामी आजारी पडले तर द्वंद्व, म्हणजे जोडीच्या, मठाचे स्वामी उभे राहतात. शिरूरला सोदे, काणियूरला पेजावर. पेजावरच्या विश्वेशतीर्थांनी १९५२ पासून २०१६ पर्यंत पाच पर्याय केले. एवढी वर्षं तयारी करणारा माणूस घडतो तो या पाळीमुळेच."

अनघाने मग सगळ्यांना टोचणारी बाब काढली: जातीनुसार वेगळ्या पंक्ती. यावर आंदोलनं झाली आहेत. तिच्या मते तांदूळ कितीही वाढा, एका ओळीत बसवत नाही तोवर ते अन्नदान अपुरं. काका गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे." मलाही तेच वाटतं, आणि पाळी बदलते म्हणूनच हे बदलायची संधी दर दोन वर्षांनी येते.

हस्तांतरात अक्षयपात्र, सट्टुग म्हणजे पळी आणि किल्ल्या दिल्या जातात. दिनेशची सूचना अशी की सोबत एक वहीही द्यावी: कोणत्या दिवशी किती पानं उठली, द्वादशीच्या पहाटेच्या पारण्याला चूल किती वाजता पेटवावी लागली, कुठला तांदूळ फसला. महेशला हे पटलं, पण त्याने विचारलं, वही भरायला कधी घ्यायची.

"सोदे मठाची पाळी जानेवारी २०२८ ला," काका म्हणाले. "त्यासाठी केळी २०२६ च्या अखेरीला लावतील. वही त्याआधीच हवी."