नंबर कशाला हवाय?

अहो, दोन जोडी मोजे घेतलेत, कर्ज नाही मागितलं! तरी काउंटरवरची पोरगी मान वर न करता विचारणारच, "सर, मोबाईल नंबर?" देत नाही म्हटलं की "सिस्टीम पुढेच जात नाही हो." मागे रांगेतले काका चुळबुळ करतात, जणू खोळंबा मीच केलाय. आणि नंबर सांगायचा तोही अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा.

२०१७ साली सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना बजावलं, बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. त्याच वर्षी डेटा संरक्षणाचा कायदाही आला. काउंटरपर्यंत यातलं काय पोचलं? शून्य. त्या पोरीचा दोष नाही म्हणा, तिला वरून टार्गेट असणार.

मग संध्याकाळपासून "अभिनंदन! खास तुमच्यासाठी!" सुरू. परवा तर कुणी एनए प्लॉटच गळ्यात मारायला निघालेला. नंबर कुठून मिळाला विचारलं, तर फोन कट. आणि हो, नको ते कॉल-मेसेज थांबवणारं डीएनडी लावून झालंय, ते सुचवू नका.