घरचे इंटरनेट बदलताना वेगाच्या आधी दुरुस्तीची चौकशी करा

घरचे इंटरनेट बदलायचे ठरले की नाशिकमध्ये पहिला प्रश्न 'किती एमबीपीएस मिळणार' हा असतो आणि दुसरा 'सोबत कोणते ओटीटी फुकट' हा. माझे ठाम मत आहे की हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आपल्या गल्लीत वायर तुटली तर ती जोडायला कोण येणार, किती वेळात येणार आणि त्याच्याजवळ सामान असणार का, याची चौकशी आधी झाली पाहिजे.

आमच्या इंदिरानगरच्या घरी पूर्वी ज्या कंपनीची जोडणी होती तिचे नाव मी घेत नाही, कारण तीच कंपनी कॉलेज रोडला माझ्या बहिणीकडे उत्तम चालते. वेगाबद्दल आमचीही कधी तक्रार नव्हती. नेट चालू असे तेव्हा जाहिरातीतला आकडा बरोबर मिळत असे. त्रास पावसाळ्यात सुरू झाला. ओएनटीवरचा (फायबरची वायर घरात ज्या यंत्राला लागते त्यावरचा) 'एलओएस'चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागला की घरून काम करणाऱ्या माझ्या मुलीला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मीटिंग उरकावी लागे. तक्रार नोंदवल्यावर संध्याकाळपर्यंत 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा संदेश येई, आणि तेव्हाही तो लाल दिवा लुकलुकतच असे. न झालेले काम झाले म्हणून नोंदवणे ही ग्राहकाची सरळसरळ फसवणूक आहे आणि मला सर्वांत जास्त संताप त्याचाच आला.

शेवटी जो तंत्रज्ञ आला तो मात्र प्रामाणिक मुलगा होता. त्याने पिवळी वायर ओएनटीतून काढून, वायरीतल्या प्रकाशाची ताकद मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली आणि आकडा मला दाखवला. म्हणाला, "काका, पॉवर उणे तीसच्या खाली गेलीय. खांबापासून नवीन वायर ओढायला पाहिजे, पण ऑफिसकडून मटेरियलच मिळत नाही." खांबावरचा जोड पुन्हा करून, त्यावर टेप गुंडाळून तो पुढच्या तक्रारीवर गेला. पाथर्डी फाट्यापर्यंतचा सगळा भाग त्याच्या एकट्याच्या गळ्यात होता. त्याच्यावर राग धरण्यात काही अर्थ नव्हता.

तो आकडा प्रत्येक ग्राहकाला समजला पाहिजे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे घरोघरी येणारे फायबर बहुधा जीपीओएन पद्धतीचे असते. कंपनीच्या केंद्रातल्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटरने विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. त्या सर्व घरांना मिळून डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी सुमारे १.२५ जीबीपीएस इतकी क्षमता असते. घरी पोहोचणारा प्रकाश साधारणपणे उणे ८ ते उणे २७ डीबीएम या मर्यादेत असावा लागतो (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). उणे पंचवीसच्या आसपास आलेली जोडणी काठावरची समजावी, कारण वायर जरा वाकली, जोडात पाणी शिरले किंवा झाडाच्या फांदीने ताण दिला की ती मर्यादेबाहेर जाते. प्रत्येक जोडाला थोडा प्रकाश खर्ची पडतो. म्हणूनच नवीन जोडणी बसवून झाली की तंत्रज्ञाकडून हा आकडा मागून घ्यावा आणि लिहून ठेवावा; पुढे बिघाड झाला तर तुलना करायला तो हाताशी असतो.

काही ठिकाणी स्थानिक केबलचालक फायबर फक्त इमारतीपर्यंत आणतात, जिन्याखाली स्विचची पेटी बसवतात आणि तिथून घरात साधी लॅनची वायर देतात. वेगाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. मात्र ती पेटी विजेवर चालते, त्यामुळे जिन्याखालची वीज गेली की आपल्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडते. फायबर थेट घरापर्यंत येते त्या जोडणीत मात्र वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही. त्या जोडणीत घरच्या ओएनटीला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की महावितरणचे दुरुस्तीचे काम सुरू असतानाही बहुधा काम भागते. 'फायबर आहे' एवढ्या उत्तरावर समाधान न मानता ते कुठपर्यंत आहे, हे विचारून घ्यावे.

राहिला प्रश्न वेगाचा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट होतो. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस लागतात आणि फोर-के चित्रपटालाही पंचवीस पुरतात. चौघांच्या घराला १०० भरपूर झाले. ज्यांना मागच्या खोलीत नेट मिळत नाही त्यांनी ३०० चा प्लॅन घेण्याआधी राउटरची जागा बदलून पाहावी. भिंत आड आली की प्लॅनचा आकडा कामाला येत नाही. सरकारी व्याख्येप्रमाणे तर किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग असला की ते ब्रॉडबँड ठरते. २०२३ पर्यंत ही मर्यादा अवघी ५१२ केबीपीएस होती. म्हणजे केवळ 'ब्रॉडबँड' या शब्दातून ग्राहकाला फारसे काही हाती लागत नाही.

मोबाइलची कंपनी आवडली नाही तर क्रमांक तोच ठेवून ती बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. घरच्या इंटरनेटला तशी सोय नाही. इथे नवी वायर, नवे यंत्र, भिंतीला नवे भोक आणि सोसायटीची परवानगी, असे सगळे पुन्हा उभे करावे लागते. ही परवानगी हाच माझ्या मते कळीचा मुद्दा आहे. कित्येक सोसायट्यांत एकाच चालकाला प्रवेश असतो आणि दुसऱ्याला 'वायरींचा पसारा नको' म्हणून दारातूनच परत पाठवले जाते. पसारा टाळायचा असेल तर जिन्याच्या डक्टमध्ये एक पाइप राखून ठेवावा आणि तो सर्वांना खुला करावा. सभासद दुसरीकडे जाऊ शकत नाही हे चालकाला ठाऊक असेल, तर तो रविवारी संध्याकाळी माणूस पाठवेलच कशाला? इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने २०२४ मध्ये काढले आहेत. नवीन फ्लॅट घेणाऱ्यांनी बिल्डरला या बाबतीत स्पष्ट प्रश्न विचारावेत.

यात शहराचाही वाटा आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये रस्त्यांची कामे निघाली आहेत, आणि खोदकाम झाले की जमिनीखालच्या केबल तुटण्याची भीती असते. खोदणाऱ्याने केबलच्या मालकाला आधी कळवावे यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. महापालिकेने प्रत्येक ठेकेदाराला त्याचा वापर सक्तीचा करावा, अशी माझी मागणी आहे. घरून नोकरी करणारे आणि ऑनलाइन वर्गांवर अवलंबून असणारे विद्यार्थी आज शहराच्या प्रत्येक भागात आहेत, आणि नळाचे पाणी बंद झाल्यावर जी धावपळ होते तितकीच तत्परता केबल तुटल्यावरही दिसायला हवी.

आम्ही नवीन जोडणी निवडताना जाहिराती बाजूला ठेवल्या आणि आमच्याच गल्लीतल्या घरांत विचारले. शहरातल्या दुसऱ्या भागाचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही, कारण शेवटचा टप्पा बहुतेक वेळा वेगवेगळ्या फ्रँचायझीकडे असतो. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सूट मिळत होती, ती आम्ही नाकारली. पहिले काही महिने दरमहा पैसे भरणे हाच ग्राहकाच्या हातातला खरा दाब आहे. दर विचारताना त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही विचारावे. घरातले कॅमेरे बाहेरून पाहायचे असतील तर पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा फक्त आपल्या जोडणीचा पत्ता) मिळतो का, ही चौकशी करावी, कारण अनेक चालक एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. नवीन नेट आले तरी जुने लगेच तोडू नये. दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी चालवावीत आणि रात्री नऊ ते अकराच्या गर्दीच्या वेळी, वायफायवर न विसंबता लॅनची वायर थेट लॅपटॉपला लावून वेग मोजावा.

जुनी जोडणी बंद करण्याची विनंती फोनवर सांगून भागत नाही, ती ईमेलने द्यावी. प्रत्येक तक्रारीचा डॉकेट क्रमांक जपून ठेवावा, कारण समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाताना तोच मागितला जातो. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. ओएनटी आणि त्याचा ॲडॉप्टर परत करताना यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्यावी आणि अनामत रक्कम खात्यात जमा होईपर्यंत ती फाडू नये.