पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा कॉम्प्रेसर बदलायचाय? मग असं करा

एप्रिल संपत आलाय, सोलापुरात पारा त्रेचाळीसच्या आसपास घुटमळतोय आणि नेमका आत्ताच एसी नुसता कोमट वारा फेकतोय. घाबरू नका. घरच्या एसीचा कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) सहसा आपणहून मरत नाही, त्याला मारावं लागतं. एकाला मारलंच आहे, तर दुसऱ्यालाही पुढच्या मेपर्यंत त्याच वाटेनं पाठवणं अवघड नाही. पथ्य एकच पाळायचं: पहिला का गेला, हे कोणी विचारायचं नाही.

सुरुवात निदानापासून करू. फोनवर "गार होत नाही" एवढं ऐकून जो "मालक, कॉम्प्रेसर गेलाय बघा" म्हणतो, तोच मेकॅनिक बोलवा. मीटर घेऊन येणारा माणूस घरात घेऊ नका. तो आधी मेन स्विच पाडणार, कपॅसिटर (मोटरला उठायला आणि चालायला मदत करणारा डबा) रेझिस्टर लावून सावकाश डिस्चार्ज करणार (स्क्रूड्रायव्हरनं दोन टोकं भिडवून ठिणगी काढायची हौस त्याला नसते) आणि मग त्याची क्षमता मायक्रोफॅरडमध्ये मोजत बसणार. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या दीड टनी एसीला बहुधा ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा रनिंग कपॅसिटर असतो. वर ५० छापलंय आणि मीटर ३१ दाखवतोय, तर ठणठणीत कॉम्प्रेसरसुद्धा नुसता घूंऽऽ करतो आणि ट्रिप होतो. कपॅसिटर बदलला की काही शे रुपयांत विषय संपला. तुम्हाला विषय संपवायचा असेल तर हा लेख इथंच सोडा.

दुसरी युक्ती दुपारची. भर उन्हात चटका बसेल इतका तापलेला कॉम्प्रेसर लगेच मोजायला लावायचा. साध्या एसीत त्याला तीन टर्मिनल असतात: कॉमन, रन आणि स्टार्ट. तापल्यावर ओव्हरलोड प्रोटेक्टर (मोटर वाचवायला वीज तोडणारा स्विच) उघडतो, तो आतल्या बाजूला असेल तर कॉमनपासून कुठंच रीडिंग मिळत नाही, आणि "वाइंडिंग ओपन" (मोटरची तारेची गुंडाळी तुटली) म्हणून जाहीर करायला मोकळं. खवचट मेकॅनिक इथं रन आणि स्टार्टमध्ये मीटर लावून बघतो. तिथं रीडिंग आलं तर वाइंडिंग बहुधा शाबूत आहे, प्रोटेक्टर निवायचाय, त्याला दोन-तीन तास द्या, असं म्हणतो आणि निघून जातो. संध्याकाळी परत येऊन मोजतो. कॉमन-रन १.५ ओहम, कॉमन-स्टार्ट २.५ ओहम, तर रन-स्टार्ट ४ यायला हवं. बेरीज जमली नाही, किंवा मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) एखादं टर्मिनल बॉडीशी बोलायला लागलं, तरच तो कॉम्प्रेसर गेला म्हणतो. अशा माणसाचा धंदा कसा चालायचा?

इन्व्हर्टर एसी असेल तर आणखी सोपं. तिथं तिन्ही जोड्यांचं रेझिस्टन्स जवळपास सारखं असतं. ते सारखंच आलं तरी कॉम्प्रेसर बदलाच. खरी बिघडलेली वस्तू म्हणजे आउटडोअरमधला पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो तिथंच ठेवा, तो नव्या कॉम्प्रेसरची व्यवस्थित काळजी घेईल.

हो, आणि वॉरंटी कार्ड शोधू नका. बऱ्याच एसींच्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी असते. गॅस आणि मजुरी वेगळी द्यावी लागते, पण कॉम्प्रेसर फुकट मिळतो. बाहेरच्या माणसानं पाइप कापला की ती कटकटही संपते.

आता मूळ कारण जपण्याबद्दल. आपलं गाव जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या चादरीचं आणि टॉवेलचं. पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ राहत असाल तर यंत्रमागांचे तंतू उडत येतात आणि आउटडोअरच्या मागच्या बारीक पत्र्यांवर बसून हळूहळू कंडेन्सरवरही (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) एक सोलापुरी चादर विणतात. बाहेरून ती दिसत नाही. टॉर्च तिरकी धरून मागच्या बाजूनं पाहिलं तरच करडा थर दिसतो, नखानं ओढला तर सलग सुटून येतो. तो काढू नका. चादर पांघरलेल्या कंडेन्सरमधून उष्णता बाहेर पडत नाही, आतला दाब चढतो, करंट वाढतो, तेल तापून पातळ होतं. लेबलवरची एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे त्रेचाळीस, त्यावर चादर, आणि त्यातही आउटडोअर जाळीबंद बाल्कनीत कोंबलेलं असेल तर तेच गरम वारं पुन्हा आत ओढून तो काय खातोय याची कल्पना करा. काही लोक जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपली की फेब्रुवारीत, मेकॅनिक मोकळे असताना, आतून बाहेर साध्या पाण्याच्या हलक्या धारेनं सगळं धुऊन घेतात. तुम्ही धुणारच असाल तर गाड्या धुवायचा प्रेशर पंप जवळून मारा. पत्रे आडवे झाले की पुन्हा तंतू यायची वाट बघायला नको.

व्होल्टेजही बघू नका. बघायचंच असेल तर एसी बंद असताना बघा, २२० दिसेल, समाधान वाटेल. खरी गंमत कॉम्प्रेसर उठतानाची असते. साधा दीड टनी कॉम्प्रेसर चालताना सात-आठ अँपिअर घेतो, उठताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. घरात जुनी बारीक वायर, बोर्डात सैल स्क्रू, वर गल्लीतले सगळे एसी रात्री साडेनऊला एकदम सुरू, म्हणजे त्या क्षणी काटा १८० ला टेकतो. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो; २३० ऐवजी १८० दिलं की जोर ६१ टक्क्यांवर येतो. ती उठत नाही, तापते, ट्रिप होते, निवते, पुन्हा प्रयत्न करते. रात्रभर. एसीसाठी मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि तीन मिनिटं थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर, यात हे सगळं मिटतं, म्हणून या दोन्ही गोष्टी "पुढच्या वर्षी बघू" या यादीत टाका.

कॉम्प्रेसर विकत घेताना फक्त टन सांगा. "दीड टनाचा द्या ओ अण्णा, स्वस्तातला." कोणत्या गॅसचा, हे विचारायचं नाही. आर-२२ च्या जुन्या यंत्रात मिनरल तेल, आर-३२ आणि आर-४१०ए वाल्यात सहसा पीओई (कृत्रिम) तेल. आर-३२ चा दाब आर-२२ च्या सुमारे दीडपट. ही अदलाबदल केली की पुढच्या वर्षाचीही गरज नाही, दिवाळीलाच काम होईल. नवा असेल तर रबरी बूच काढताना फुस्स आवाज येतो, कारण कारखान्यातून आत कोरडा नायट्रोजन भरून आलेला असतो. आवाज आला नाही, काळा रंग अजून बोटाला लागतोय आणि अंगाभोवती दुसऱ्यांदा वेल्ड केल्याची जाड कड दिसतेय, तर तो कोणीतरी कापून, आतली तार नव्यानं गुंडाळून, परत जोडलेला आहे. लगेच घ्या. घरी आणताना आडवा घाला, बूच सकाळीच काढून ठेवा. पीओई तेल हवेतली ओल चटकन पितं आणि मग व्हॅक्यूमलाही सहजी परत देत नाही.

जुना काढताना उरलेला गॅस रिकव्हरी मशीनमध्ये घ्यायला वेळ लागतो, त्यामुळे बाल्कनीतच सोडून देतात. आर-३२ पेटू शकतो आणि हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो, तरी शेजारीच वेल्डिंगची टॉर्च पेटवायची पद्धत आहे. पाइप कटरनं न कापता, आत दाब असतानाच जोड तापवून उपटला तर गॅसबरोबर तेलाचा फवारा येतो आणि तो पेटतो. मेकॅनिकच्या भुवया कशा गेल्या, हे अनेक ठिकाणी कळेल.

बाहेर आलेलं तेल बघू नका. काळं असेल आणि नाकात झोंबणारा आंबट वास येत असेल तर वाइंडिंग जळून आत आम्ल झालंय. ते सगळ्या पाइपमध्ये पसरलेलं असतं. नायट्रोजन आणि फ्लशिंगचं द्रावण वापरून पाइप धुणं, नवा ड्रायर (ओल शोषणारा) बसवणं, सक्शनला (कॉम्प्रेसरकडे गॅस परत आणणाऱ्या पाइपला) आम्ल शोषणारा फिल्टर लावणं, असा दीड-दोन तासांचा उद्योग असतो. तो टाळला तर जुन्या कॉम्प्रेसरचं आम्ल नव्याच्या वाइंडिंगचं वार्निश आपोआप खायला लागतं. वारसा म्हणतात तो हाच.

वेल्डिंगला नायट्रोजन नको. तापलेल्या तांब्याच्या आत हवा असेल तर काळी पापडी धरते. पाइपमधून दोन-तीन पीएसआय (दाबाचं माप) इतक्या हलक्या दाबानं नायट्रोजन झुळझुळत ठेवला तर आतून तांबं तांब्यासारखंच राहतं. पण त्यासाठी सिलिंडर जिना चढवावा लागतो. पापडी पुढे सुटते, स्ट्रेनरमध्ये (गाळणीत) आणि केसाएवढ्या कॅपिलरी नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. मग निम्म्या पाइपवर बर्फ धरतो आणि "गॅस कमी झालाय" म्हणून वर आणखी गॅस भरता येतो.

गळती तपासायला ऑक्सिजन वापरायची जी एक पद्धत काही ठिकाणी दिसते, तिच्याबद्दल मात्र उपरोध चालत नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, माणसं मरतात. कोणी तो सिलिंडर एसीला जोडताना दिसला तर काम थांबवा आणि घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा. गळतीची चाचणी कोरड्या नायट्रोजननंच, रेग्युलेटर लावून, लेबलवरच्या दाबाच्या मर्यादेत. आता पुन्हा आपल्या कामाकडे वळू.

व्हॅक्यूम, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओल पंपानं ओढून काढणं. इथं मेकॅनिक आणि मालक यांचं छान जमतं. "पाच मिनिटं मारलं की बास होतंय." साधा गेज शेवटच्या रेघेला टेकला की दोघांनाही पटतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथं पूर्ण निर्वात केलं तरी नीट शून्यावर लावलेला काटा पाऱ्याच्या २८ इंचांच्या थोडा पुढे जाऊन थांबणार, ३० ला जाणारच नाही. तो ३० दाखवत असेल तर गेजच चुकलाय. आणि ५०० मायक्रॉन (निर्वाताचं बारीक माप, जितकं कमी तितकं चांगलं) आणि ५००० मायक्रॉन यांतला फरक त्या काट्यावर रेघेच्या जाडीएवढाही दिसत नाही. तो दिसायला मायक्रॉन गेज लागतो. ५०० च्या खाली आणायचं, पंप बंद करायचा, दहा-पंधरा मिनिटं बघायचं. चढत जाऊन एका ठिकाणी थांबला तर आत ओल आहे, थांबतच नसेल तर गळती आहे. हे कोणी केलं तर पुढचा मे वाया गेला समजा. त्यापेक्षा पंपच आणू नका. गॅसच्याच दाबानं हवा "पर्ज" करा. जी हवा राहते ती कंडेन्सरमध्ये जाऊन बसते आणि दाब वाढवते, जी ओल राहते ती तेलाचं आम्ल करते. पंप चालू असताना कॉम्प्रेसर सुरू करून बघायचा मोहही आवरू नका, निर्वातात वाइंडिंगमध्ये ठिणगी उडते आणि सगळं काम एका दिवसात आटोपतं.

गॅस वजनानं भरू नका. आउटडोअरच्या लेबलवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो, लांब पाइपला मीटरमागे किती वाढवायचा हेही कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. वजनकाटा ठेवला तर दहा मिनिटांत संपणारं काम आहे. त्याऐवजी सक्शन पाइपला हात लावा, "घाम आला की बास." संध्याकाळी घाम वेगळा, दुपारी वेगळा, ही अडचण आहे खरी. एसी बंद ठेवून दाब बघणारेही आहेत: बाहेर ४० अंश असताना आर-३२ चा काटा ३४५ पीएसआयच्या आसपास दिसतो, आत २०० ग्रॅम द्रव असो की ९००. कमी भरलात तर मोटरला थंडावा मिळत नाही, जास्त भरलात तर द्रव गॅस थेट कॉम्प्रेसरच्या तोंडात जातो. दोन्हीकडे फायदा आहे. आर-४१०ए दोन गॅसचं मिश्रण असल्यानं सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो, म्हणून तो वाफेनं भरा.

जुना कपॅसिटर नव्या कॉम्प्रेसरला जोडून द्या, चालतोय की ओ. खालचे जुने कडक झालेले रबर तसेच ठेवा, म्हणजे थरथरून पाइपला महिन्या-दोन महिन्यांत चीर जाईल आणि गॅसचं वजन किती भरलं होतं हा प्रश्नच उरणार नाही. क्लॅम्प मीटर लावून, बंद खोलीत वीसएक मिनिटं चालवून, अँपिअर लेबलशी ताडून बघायचा आग्रह धरू नका. गार वारा लागला की लगेच पैसे द्या.

बिल मागितलंच तर त्यावर "एसी काम" एवढंच लिहून घ्या. कॉम्प्रेसरचा सीरियल नंबर, गॅस कोणता आणि किती ग्रॅम, व्हॅक्यूम किती मायक्रॉन, करंट किती, किती महिन्यांची गॅरंटी, यातलं काही कागदावर आलं तर मे महिन्यात तोच मेकॅनिक ओळखीनं उभा राहून "आधी कोणी हात लावला होता हो याला?" असं कसं विचारणार?