‘पाचवीच्या पोराचं गणित’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

परदेशी चलनाचे रुपये फक्त गुणाकाराने कसे काढायचे, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक सजग वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: “काका, जे पाचवीच्या पोराला येतं ते एवढं फुगवून सांगायचं कारण कळलं नाही. शिवाय ‘फक्त गुणाकार’ हे अर्धसत्य आहे, रुपयांवरून परत जाताना भागावंच लागतं. तुमचा 0.0435 घेऊन पाच लाखांचे दिरहम काढा, दहा-अकरा दिरहमचा फरक पडतो. आणि गुगलवरचा दर बँक देत नाही, हे लेखात कुठेच नाही. लोकांची दिशाभूल करू नका.”

नाव नाही, गाव नाही, आणि वर सजग. असो.

पाच लाखांचं आधी मिटवतो, नाहीतर काका कुणाचं ऐकूनच घेत नाहीत असं व्हायचं. दिरहमचा, म्हणजे दुबईकडच्या चलनाचा, दर मी 23 रुपये धरला होता. 1 ला 23 ने भागलं की 0.043478 येतं, मी सोयीसाठी 0.0435 लिहिलं. दहा हजार रुपयांचे त्याने 435 दिरहम होतात, काटेकोर काढले तर 434.78. म्हणजे बावीस फिलसचा फरक (दिरहमचे शंभर फिलस). पाच लाखांना मात्र 21,750 आणि 21,739 असा फरक पडतो, साधारण अडीचशे रुपयांचा. रक्कम मोठी असेल तर दशांशाची सहा घरं घ्या, फरक तीन रुपयांवर येतो. ही सूचना चांगली आहे, घेतली. तीच सूचना ‘दिशाभूल’ हा शब्द न वापरताही करता आली असती, एवढंच माझं म्हणणं.

आता पाचवीचं पोर.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी होते. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. तोवर रुपयाचे आणे सोळा आणि पैसे चौसष्ट, सगळा हिशोब तोंडी. नव्या हिशोबात रुपयाचे शंभर पैसे, म्हणजे एक आणा सव्वासहा पैशांचा. हळदीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचा हिशोब, आण्यांत तोंडपाठ असलेल्या माणसाला रोज सव्वासहाने गुणत बसावं लागलं. चार आण्याचे पंचवीस, तिथे वाद नाही. पण तीन आण्याचे पावणेएकोणीस, ते एकोणीस धरायचे. मग शेतकरी विचारणार, पाव पैसा कुणाच्या खिशात गेला? हमाली, तोलाई, प्रत्येक ओळीला हा प्रश्न. वडिलांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, अपूर्णांकांचे सगळे पाढे पाठ होते, तरी ते दिवस त्यांनी घाम पुसत काढले, असं आई सांगायची. हे गणित पाचवीच्या पोराला येतं असं त्या वेळी कुणी त्यांना म्हणालं असतं, तर त्यांनी त्याच्या हातात चोपडी दिली असती आणि म्हणाले असते, बस बाबा गादीवर.

मी स्वतः तासगावकडे द्राक्षाच्या एका पॅकहाउसमध्ये हिशोब सांभाळले. माल युरोपला जायचा, आखातात जायचा, बिलं परक्या चलनात. तेव्हा मला कुणी काका म्हणत नव्हतं, साहेब म्हणत होते. ते जाऊ द्या. त्या काळात ओळखीचे एक गृहस्थ पोराची पगाराची चिठ्ठी घेऊन आले. पोरगा मस्कतला. चिठ्ठीवर आकडा 180.000. ओमानी रियालचे हजार बैसा होतात, म्हणून तिथे दशांशानंतर तीन घरं लिहायची पद्धत आहे. कुवेतचा दिनारही तसाच, त्याचे हजार फिलस. यांनी तो टिंब स्वल्पविराम समजून वाचला, एक लाख ऐंशी हजार. समजा रियाल 220 रुपयांना आहे. तर 180 चे 39,600 होतात आणि त्यांच्या हिशोबाने तीन कोटी शहाण्णव लाख. मोबाइलवर गुणाकार त्यांनी अगदी बरोबर केला होता. माणूस घरात न सांगता माझ्याकडे आला होता, पोरगं तिकडे काय भानगडीत अडकलंय म्हणून.

सजग वाचक, हा गुणाकार पाचवीच्या पोराने पण बिनचूक केला असता. कशाला कशाने गुणायचं, हे कोण सांगणार? जपानी येनचा दर आपल्याकडे शंभर येनला देतात, तो तसाच एका येनला लावला की रक्कम शंभरपट होते. हे लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल, आधीच पाचवीत अडकलात.

‘भागावंच लागतं’ याबद्दल. 23 ने भागणं आणि 0.043478 ने गुणणं यात फरक काय, हे तुम्हीच सांगा. तो आकडा काढायला भागाकार करावा लागतो, हो, लागतो. सकाळी एकदा. मग दिवसभर गुणाकार. अमेरिकन डॉलरचे दिरहम करायचे तर 3.6725, सौदी रियाल करायचे तर 3.75. हे दर डॉलरला बांधलेले आहेत, वर्षानुवर्षं तेच. उलट येताना 0.2723 आणि 0.2667, एकदा लिहून भिंतीला चिकटवून टाका. आमच्या पॅकहाउसमध्ये असाच कागद होता, त्यावर द्राक्षाचे डाग.

नेपाळचं तर त्याहून सोपं. आपल्या रुपयाचे तिथे 1.60 होतात, 1993 पासून दर तोच. पशुपतिनाथाला गेलात तर दुकानदार आधी ‘आयसी की एनसी’ विचारतो, इंडियन की नेपाळी. आपले पाचशे असतील तर दिडकीने साडेसातशे, वर दहावा हिस्सा पन्नास, आठशे झाले. आठशे परत आणायचे तर 0.625 ने गुणा: निम्मे चारशे, अष्टमांश शंभर, पाचशे. भागाकार कुठे दिसला का?

आणि एक गोष्ट, तुमच्या बाजूने सांगतो, तुम्हाला माहीत नसावी. 1993 च्या ऑगस्टपर्यंत आपल्या बँका दर उलटा सांगायच्या, शंभर रुपयांना इतके डॉलर. तेव्हा डॉलरचे रुपये करायला खरंच भागावं लागायचं. 2 ऑगस्ट 1993 पासून एका डॉलरला इतके रुपये असा दर आला आणि आमचं काम गुणाकारावर आलं. तुमचा आक्षेप त्याआधी आला असता तर मी मान डोलावली असती.

राहिला गुगलचा दर. अहो, तो बँक देत नाही हे कुणाला माहीत नाही? बाहेरून खात्यात आलेल्या पैशाला बँकेचा खरेदीचा दर, त्याला टीटी बाइंग म्हणतात, बाहेर पाठवायला विक्रीचा दर, टीटी सेलिंग, रोख नोटांचा दर आणखी वेगळा. वर चलन बदलाचा जीएसटी: लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर 18 टक्के, कमीत कमी 45 रुपये. हा बँकेचा विषय आहे, माझा लेख गणिताचा होता. काउंटरवर आजचा टीटी बाइंग विचारा आणि 23 च्या जागी तो घाला.

लेखातल्या दरांसमोर तारीख नव्हती, ती आज टाकली आहे. हे तुम्ही म्हणाला नव्हतात, माझं मलाच सुचलं. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर उत्तर लवकर मिळेल.