नानांचा स्लॅब आणि माझे वायफाय

आमचे नाशिकचे घर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९४ साली स्वतः उन्हात उभे राहून बांधून घेतले. ते तेव्हा सार्वजनिक बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता होते. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता आणि त्याची धास्ती त्यांच्या मनातून गेलेली नव्हती. त्यामुळे बाहेरच्याच नव्हे तर आतल्याही भिंती नऊ इंची झाल्या, स्लॅब पाचऐवजी सहा इंच जाड झाला, आणि सळयांमध्ये सहा इंच अंतर पुरेसे आहे असे ठेकेदार काकुळतीने सांगत असताना नानांनी ते चार इंचांवर आणून ठेवले. उद्या काही झालेच तर सगळी कॉलनी आपल्याकडे राहायला येईल, असे ते आजही पाहुण्यांना सांगतात. भूकंपाने या घराची परीक्षा अजून घेतलेली नाही. ती वायफायने घेतली, आणि स्लॅब विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाला.

यामागचे शास्त्र मी नंतर वाचले आणि नानांविषयीचा माझा आदर भीतीत बदलला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ पाच इंच असते. पाच इंचांची लहर वर निघाली की तिला नानांची चार इंची लोखंडी जाळी आडवी येते. पाच गिगाहर्ट्झची लहर याच्या निम्म्याहून लहान असल्यामुळे जाळीतून सुटू शकते. पण तिला काँक्रीटच अधिक शोषून घेते. शिवाय राउटरच्या उभ्या अँटेनातून लहरी आडव्या जितक्या पसरतात तितक्या थेट डोक्यावर जात नाहीत. म्हणजे ज्या दिशेला आम्हांला इंटरनेट हवे होते, नेमकी तीच दिशा निसर्ग, उपकरण आणि नाना या तिघांनी मिळून बंद केलेली होती.

त्यात फायबर बसवायला आलेल्या मुलाने इंटरनेट कंपनीचा राउटरचा डबा तळमजल्यावरच्या दिवाणखान्यात, टीव्हीमागच्या कोपऱ्यात बसवला, कारण त्याचे छिद्रयंत्र त्या एकाच ठिकाणी भिंतीच्या आरपार गेले. इतरत्र प्रयत्न करताना त्याने नानांना, "काका, भिंत आहे का धरण?" असे विचारले होते. नानांनी त्याला चहा पाजला.

कोपऱ्यातल्या त्या डब्यापासून तीन मजल्यांच्या कुटुंबाची नवी भौगोलिक रचना तयार झाली. तळमजल्यावर नाना आणि आई सुखात होते, पहिल्या मजल्यावर आम्ही नवराबायको जिन्याकडचे दार उघडे ठेवून जगत होतो, आणि दुसऱ्या मजल्यावर, जिथे माझी कामाची खोली आणि मुलीच्या ऑनलाइन शिकवणीचे टेबल आहे, तिथे फोनवर एक काडी येई आणि जाई. मी कार्यालयाच्या बैठकांना जिन्याच्या पायरीवर बसून हजर राहू लागलो. माझ्यामागे वाळत घातलेल्या साड्यांवरून आमच्याकडे आज कोण आले आहे याचे अंदाज माझे सहकारी बांधू लागले.

तळमजल्यावरही सर्व आलबेल होते असे नाही. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह राउटरच्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, आणि तो सुरू झाला की आईच्या टॅबवरचे पंढरपूरचे थेट दर्शन थांबे. मात्र ते थांबले आहे हे आईला बराच वेळ कळत नसे, कारण विठोबा मुळातच हलत नाही. पुजाऱ्याचा हात आरतीसकट हवेत तसाच राहिला की मग तिला शंका येई.

पहिला उपाय स्वस्तातला, म्हणजे रेंज एक्स्टेंडरचा झाला. हे यंत्र प्लगमध्ये खोचायचे आणि त्याने राउटरचे ऐकून पुढे सांगायचे, अशी योजना असते. घरातल्या सर्वांचे मत पडले की जिथे रेंज नाही तिथेच ते लावले पाहिजे, आणि हे मत इतके तर्कशुद्ध वाटते की त्याविरुद्ध बोलणारा मनुष्य विक्षिप्त ठरतो. वास्तविक त्याला जिथे बऱ्यापैकी ऐकू येते अशा मधल्या जागी लावायचे असते. जिथे काहीच पोहोचत नाही तिथे ते काहीच पुढे पाठवू शकत नाही. आमच्या घरातली मधली जागा म्हणजे जिन्याचे वळण, आणि जिन्याच्या वळणावर प्लग ठेवण्याची कल्पना १९९४ साली कोणालाही सुचलेली नव्हती. वर, एकाच रेडिओने ऐकायचे आणि त्यानेच बोलायचे म्हटले की वेग साधारण निम्म्यावर येतो. एक्स्टेंडर आता माळ्यावर आहे.

मेश, म्हणजे घरभर ठेवायच्या आणि आपसांत बोलणाऱ्या वायफायच्या डब्यांचा (त्यांना नोड म्हणतात) संच, घ्यायचा ठरला तो न्यू जर्सीच्या भाच्यामुळे. "मामा, दोन नोड घे, एक खाली ठेव, एक वर ठेव, आणि विसरून जा," असे त्याने व्हिडिओ कॉलवर सांगितले, आणि बोलता बोलता त्याच्या तीन मजली घराच्या तळघरापासून माळ्यापर्यंत चालून दाखवले. चित्र कुठेही थांबले नाही. त्याचे घर लाकडी चौकटीचे असून आतल्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या आहेत. त्याच्या मजल्यांमध्येही लाकडी तुळया आणि फळ्याच आहेत. नाना हे ऐकून सुन्न झाले. नातू परदेशात आहे याचे त्यांना कधी वाईट वाटले नव्हते. तो पुठ्ठ्याच्या घरात राहतो हे कळल्यावर मात्र ते रात्री जेवले नाहीत.

घरगुती मेशची पद्धत अमेरिकेतच २०१६ च्या सुमारास रुळली, आणि खोक्यांवर छापलेले चौरस फुटांचे आकडे अशाच घरांना शोभतात. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानात विक्रेत्याने मला दोन डब्यांचा संच दाखवून हा चार हजार चौरस फुटांना पुरतो असे सांगितले. आमचे सर्व मजले मिळून बावीसशे चौरस फूटही होत नाहीत, असे मी म्हणताच त्याने मग एकही पुरेल अशा उदार नजरेने माझ्याकडे पाहिले. हे चौरस फूट एकावर एक रचलेले असून मध्ये नानांचा स्लॅब आहे, हे त्याला समजावण्यासाठी मला कागद मागून घ्यावा लागला.

खोक्यावरचे दुसरे आकडे आणखी मजेदार असतात. एएक्स३००० असे लिहिलेले पाहून माणूस ३००० एमबीपीएस वेगाची स्वप्ने पाहतो. हा आकडा म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि पाच गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज आहे. ती २९७६ होते, आणि उरलेले चोवीस कंपनी मोठ्या मनाने स्वतःच्या पदरचे घालते. अशा संचाशी जोडलेला फोन एका वेळी यांतल्या एकाच पट्ट्यावर बोलतो, आणि तिथेही प्रत्यक्षात साधारण निम्म्याच्या आसपास हाती लागते. शेजारशेजारच्या दोन जिन्यांच्या पायऱ्यांची बेरीज करून घराची उंची सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. मुळात आमची जोडणी २०० एमबीपीएसची असल्यामुळे तीन हजारांचे मी करणार तरी काय होतो, हा प्रश्न विक्रेत्याला विचारला असता त्याने, "सर, पुढचा विचार करून घ्या," असे सांगत सर्वांत महाग संच पुढे सरकवला. मी मात्र त्या स्वस्त-महाग रांगेत एकच गोष्ट शोधत होतो: प्रत्येक डब्याच्या मागे वायर खोचायला गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, पोर्ट आहे की नाही. काही स्वस्त संचांच्या पोर्टांची मर्यादाच १०० एमबीपीएस असते आणि ही माहिती खोक्यावर सर्वांत बारीक अक्षरांत दिलेली असते. अखेर वायफाय ६ चा, म्हणजे वायफायच्या सहाव्या पिढीचा, तीन डब्यांचा, मधल्या किमतीचा संच घेतला. वायफाय ७ चा घेतला नाही, कारण घरात ते समजणारा एकही फोन नव्हता आणि नानांच्या फोनला तर २.४ च्या पलीकडचे काहीच माहीत नाही.

मेशचे तत्त्व देखणे आहे. सर्व डबे एकच नाव आणि एकच पासवर्ड वापरतात, एकमेकांशी बोलतात, आणि घरात फिरणाऱ्या फोनला जवळच्या डब्याकडे वळवण्याचा प्रयत्न करतात. प्रयत्नच म्हणायचा, कारण कोणत्या डब्याला धरून राहायचे हा अंतिम निर्णय फोन स्वतः घेतो. माझा फोन तळमजल्यावर जडलेली माया दुसऱ्या मजल्यापर्यंत सोडत नाही; त्याचे वायफाय बंद करून पुन्हा चालू केले की त्याला वस्तुस्थिती पटते.

डबे कोठे ठेवावेत यावर कंपनीचे आणि गृहिणींचे मत जगात कोठेही जुळत नसावे. कंपनी सांगते की डबा उघड्यावर, मध्यभागी, उंचावर असावा, आणि लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याचा साठा यांच्यापासून दूर असावा. पत्नीचे म्हणणे असे पडले की डबा दिसता कामा नये. पहिल्या मजल्यावर तो आरशाच्या कपाटामागे गेला. तिथून मी तो बाहेर काढला. मग तो फिशटँकशेजारी गेला. खालच्या डब्यावर धूळ बसू नये म्हणून आईने क्रोशाचा रुमाल घातला, आणि तो गरम होतो हे मी दाखवल्यावर तिने रुमाल काढून त्यावर हात शेकून पाहिला.

खरे संकट नानांच्या बाजूने आले. रात्री झोपण्यापूर्वी घरातले प्रत्येक बटण बंद करत वर ते खाली उतरण्याची त्यांची जुनी रीत आहे. आमचे तीन डबे साखळीने जोडलेले होते: खालच्याचे पहिल्या मजल्यावरचा ऐकणार आणि त्याचे दुसऱ्या मजल्यावरचा. मधले बटण बंद झाले की वरचा डबा एकटा पडे, थेट खालच्याला हाका मारी, आणि दोन स्लॅबांमधून काहीही न आल्याने लाल दिवा लावून बसे. अमेरिकेतल्या वरिष्ठांशी माझी बैठक रात्रीच असते. बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. नानांनी त्या काढून, खाली साठलेली धूळ पुसून, बटणे बंद केली.

तिन्ही डबे चालू असतानाही दोनशेपैकी पहिल्या मजल्यावर ऐंशी-नव्वद आणि दुसऱ्यावर जेमतेम तीस पोहोचत. डब्यांनी एकमेकांशी हवेतून बोलायचे म्हणजे त्यांनाही त्याच स्लॅबमधून जायचे होते. हे टाळायचा मार्ग एकच, आणि तो वाचून मी काही काळ खुर्चीत टेकून राहिलो: घर बिनतारी करायचे असेल तर डबे आपसांत तारेने जोडावेत. इतके पैसे खर्चून अखेर आम्ही वायरमनला बोलावले.

वायरमनने भिंत वाजवून पाहिली आणि बाहेरून केसिंग पट्टी मारावी लागेल असे सांगितले. तेव्हा नाना उठले, आतल्या खोलीत गेले आणि घराचा मूळ नकाशा घेऊन आले. केबल टीव्हीचे ते दिवस होते. पुढे प्रत्येक मजल्यावर टीव्ही येईल या दूरदृष्टीने नानांनी गच्चीपासून तळमजल्यापर्यंत भिंतीतून एक इंची पाइप टाकून ठेवला होता आणि प्रत्येक मजल्यावर त्याला जोडपेटी दिली होती. या पेट्यांवर गेली अनेक वर्षे कॅलेंडरे लटकत होती.

"पाइप आहे हे खरं, पण आत बेंड किती असतील ते देवालाच माहीत," वायरमन म्हणाला.

"देवाला कशाला, मला माहीत आहे. चार आहेत, आणि चारही लांब वळणाचे आहेत," नाना म्हणाले.

आत पडून राहिलेल्या जुन्या केबलच्याच टोकाला निळी कॅट-६, म्हणजे इंटरनेटची, वायर बांधून गच्चीवरून जुनी ओढायची, असा बेत ठरला. वायरमनने आणलेले वेटोळे नानांनी सोलून पाहिले आणि आत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम निघताच त्याला ते परत करायला लावले. नंतर शुद्ध तांब्याची वायर आली. नाना खाली उभे राहून वायर सोडत होते, वायरमन वरून ओढत होता, आणि मी जिन्यात उभा राहून एकाचा निरोप दुसऱ्याला पोहोचवत होतो. तिसऱ्या बेंडला वायर अडली, नानांनी साबणाचे पाणी मागवले, वायर सुटली. लाइटच्या वायरच्या पाइपात ही वायर घालू नये हे वायरमनला सांगण्याची मी तयारी केली होती, पण नानांनी १९९४ सालीच दोन्ही पाइप वेगळे ठेवले होते.

त्यानंतरची जुळवाजुळव किरकोळ म्हणावी लागेल. कंपनीच्या डब्यालाही राउटर व्हायचे होते आणि आमच्या डब्यालाही. एकाने माघार घ्यावी म्हणून कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला असता तिकडच्या मुलीने मला डबा बंद करून चालू करायला सांगितले, आणि बऱ्याच हस्तांतरणांनंतर कोणीतरी ब्रिज मोड (म्हणजे कंपनीच्या डब्याने राउटरपण सोडायचे) हा शब्द ऐकलेला सापडला. नव्या संचाला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिल्यामुळे घरातली बाकीची यंत्रे आपण होऊन जोडली गेली. फक्त गिझरचा स्मार्ट प्लग रुसला, कारण त्याला केवळ २.४ चालते आणि त्याला पहिल्यांदा जोडताना पाच गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद ठेवावे लागते, हे कळेपर्यंत दोघांनी थंड पाण्याने अंघोळ केली.

आता दुसऱ्या मजल्यावर एकशेनव्वदच्या आसपास वेग येतो. मधले बटण नानांनी बंद केले तरीही वरचा डबा चालतो, कारण दोन्ही डब्यांच्या वायरी तळमजल्यावरच्या नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे या वायरी एकत्र जोडणाऱ्या डबीत, वेगवेगळ्या येतात. त्या स्विचच्या बटणावर नानांनी स्वतःच्या अक्षरात "बंद करू नये" असे लिहून खाली तारखेसह सही केली आहे. पाहुण्यांना ते स्लॅबनंतर आता पाइपही दाखवतात. भाच्याने फोनवर नोड किती लागले असे विचारले, तेव्हा नानांनी फोन माझ्या हातून घेतला आणि त्याला बेंडची त्रिज्या समजावून सांगितली.

उरला आहे तो विजेचा प्रश्न. वीज गेली की तळमजला इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण दुसऱ्या मजल्यावरचा तो एक प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. तो घ्यायचा तर हातभर भिंत फोडावी लागेल, असे वायरमन म्हणतो. नानांनी त्यावर विचार करून, भिंतीला हात न लावता डब्यामागे बसेल असा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणायची परवानगी मला दिली आहे. तो कोठल्या कंपनीचा घ्यावा याविषयी भाच्याचे मत मागवलेले नाही.