मावशीची गोळी बंद करायला लावणारा मेसेज

गेल्या मंगळवारी औशाजवळच्या गावातून मावसभावाचा फोन आला. "दादा, मायची ती गोळी बंद केली. अफूची हाय म्हणं ती." मावशीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, आता तो कमरेच्या हाडात उतरलाय. दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखणं थांबवायचं औषध, चालू होतं. त्यावर ती उठून बसायची, दोन घास खायची. मी पोचलो तेव्हा दोन दिवस गोळी नव्हती आणि मावशी गोधडीचं टोक दातात धरून पडली होती.

हे सगळं झालं भावकीच्या ग्रुपवर आलेल्या एका मेसेजमुळे. नंतर तोच मला लातूरच्या तिघांनी पाठवला. त्यात म्हटलंय: मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो. अमेरिकेत त्याने लाखो मेले म्हणून तिथे ते बंद झालं. परदेशात ते बायकांना देतच नाहीत, कारण बाळंतपण सोसलेल्या बाईला त्याची गरज नसते. म्हाताऱ्यांचा श्वास थांबतो. आणि आपले डॉक्टर कमिशनसाठी ते वाटत सुटलेत.

बायकांचं आधी घेतो, कारण ते वाचून माझं डोकं फिरलं. हे धडधडीत खोटं आहे. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, नॉर्वे घ्या, मॉर्फिनच्या जातीची औषधं पुरुषांपेक्षा बायकांनाच जास्त लिहून दिली जातात आणि वयाबरोबर ते प्रमाण वाढत जातं. बायका जास्त जगतात, सांध्यांची-हाडांची जुनाट दुखणी त्यांच्यात जास्त असतात. उलट अमेरिकेत अतिमात्रेने मरणाऱ्यांत पुरुष बायकांच्या दुपटीच्या आसपास आहेत. आणि बाळंतपणाची कळ? ती येते-जाते, शेवटी लेकरू हातात येतं. हाडातला कॅन्सर रात्रंदिवस ठणकतो आणि शेवटी हातात काही येत नाही. माझ्या मावशीने अंगावरून जात होतं ते सहा महिने कुणाला सांगितलं नाही. "सोसंल की" म्हणत राहिली. सोसण्याची सवय असलेल्या बाईला आणखी सोसायला सांगणारा हा मेसेज कुणी लिहिला असेल, त्याने एक रात्र तिच्या उशाशी बसावं.

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. 1996 मध्ये पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध बाजारात आणलं, व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून खपवलं. 2007 मध्ये त्याबद्दल कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. पाठदुखीला, दाताला, कशालाही गोळ्या दिल्या गेल्या. 2012 साली तिथे अशा साडेपंचवीस कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. पण म्हणून तिथे मॉर्फिन बंद झालेलं नाही, कॅन्सरच्या रुग्णाला ते आजही मिळतं. आणि अलीकडचे बहुतेक मृत्यू चोरट्या मार्गाने येणाऱ्या फेन्टानिलचे, म्हणजे मॉर्फिनहून कितीतरी जहाल अशा त्याच जातीच्या औषधाचे आहेत.

आता आपल्याकडचं "वाटत सुटलेत" बघू. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा 2017 चा अहवाल सांगतो की गंभीर दुखणं असलेल्या एका रुग्णामागे वर्षाला अमेरिकेत 55,000 मिलिग्रॅमहून जास्त मॉर्फिन किंवा तशी औषधं पुरवली जात होती. भारतात 43. त्रेचाळीस हजार नव्हे, त्रेचाळीस. गरजेच्या 4 टक्के. मावशीला दिवसाला 60 लागतं, म्हणजे देशाच्या सरासरीने तिचा वर्षाचा वाटा एक दिवस पुरा व्हायच्या आत संपतो. अफू मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकते, आणि आम्ही गोळ्यांसाठी दर महिन्याला शंभर किलोमीटर जातो. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 मध्ये कायदा सोपा केला, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलवर ती मिळत नाही. स्वस्त गोळी आहे, त्यात कमिशन काय डोंबलाचं?

म्हाताऱ्यांबद्दल जपावं लागतं, हे खरं. वयाने किडनी मंदावते, औषध अंगात साचतं, म्हणून डॉक्टर थोड्यापासून सुरू करतात. सोबत मनाने झोपेची गोळी देऊ नका. माणूस हाका मारूनही नीट जागा होत नसेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. पोट बहुतेकांचं घट्ट होतं, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध सोबतच सुरू करतात.

व्यसनाचंही तसंच. रोज घेतल्यावर शरीराला सवय होते, पण त्याला व्यसन म्हणत नाहीत. सवय झालेली गोळी एकाएकी तोडली की घाम, पोटात कळा, जिवाची तगमग होते. मावशीचं तेच झालं. मूळ दुखणं होतंच, त्यावर हे. आणि भाऊ समजला की ही गोळीची तलफ आहे, म्हणजे मेसेज खरा!

डॉक्टरांना फोन लावून त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी परत सुरू केली. त्या रात्री मावशी झोपली. सकाळी तिने पेज मागितली. भावाने त्याने पुढे पाठवलेला मेसेज खोडला. ज्या काकांनी तो पहिल्यांदा ग्रुपवर टाकला त्यांनी अजून काढलेला नाही. काका, तो आजच काढा. आपल्या ग्रुपमध्ये आणखी दोन घरांत ही गोळी चालू आहे.